स्कर्ट कमरेवर टिकेना : सव्वाचार वर्षांच्या मुलीच्या एका स्कर्टचं प्रकरण

हँगरला लावून दाराला अडकवला तेव्हा तो स्कर्ट इतका देखणा दिसत होता की मीच त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं. गडद निळं ड्रिलचं जाड कापड, भरपूर घेर, नेफ्याच्या (म्हणजे इलास्टिक ओवायच्या वरच्या दुमडीच्या) मधोमध एक सरळ टीप, खाली रुंद दुमड. भाचीने तो घातला, आरशासमोर गिरक्या घेतल्या आणि खेळायला पळाली. अर्ध्या तासाने परत आली ती एका मुठीत स्कर्टचा पुढचा भाग घट्ट धरून. दुसऱ्या हातात चेंडू. "मावशी, हा सारखा पळतो," म्हणाली. संध्याकाळच्या आत तिने तो काढून जुनी चड्डी चढवली होती, आणि पुढचा आठवडाभर एकच धोशा: "तो निळा नको."

मोठ्यांचे कपडे शिवणाऱ्या माणसाला लहान मुलीचा इलास्टिकचा स्कर्ट म्हणजे डाव्या हातचा मळ वाटतो. एक आयत, एक-दोन उभ्या शिवणी, वर नेफा, खाली दुमड. ना बाही, ना गळा, ना चेन. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून हा स्कर्ट कसा फसला, मी तो आधी चुकीच्या जागी कसा दुरुस्त केला आणि शेवटी नवा शिवताना काय बदललं, ते मापांसकट लिहून ठेवतेय.

काय शिवलं होतं

भाची सव्वाचार वर्षांची. उभी करून टेप लावली तेव्हा कंबर साडेवीस इंच भरली, कमरेपासून गुडघ्यापर्यंत १२ इंच. मुलं भराभर वाढतात या हिशेबाने तयार उंची १४ इंच धरली. कापड घरात पडून असलेलं सुती ड्रिल, पडद्यांतून उरलेलं, ४४ इंच पन्ह्याचं (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी). घेर छान यावा म्हणून पन्ह्याचे दीड तुकडे जोडले, म्हणजे ६६ इंच. दोन शिवणींची माया, म्हणजे शिवणीत जाणारी जादा कड, जाऊन ६४ उरले. कमरेच्या तिपटीहून जास्त. इलास्टिक इंच रुंदीचं, गुंफलेल्या वाणाचं. साडेएकोणीस इंच कापून अर्धा इंच एकावर एक ठेवून जोडलं, त्यामुळे वर्तुळ १९ इंचाचं झालं. नेफा मात्र दीड इंचाचा ठेवला. का, तर इलास्टिक सहज सरकावं म्हणून.

ते सरकलंही सहज. इतकं सहज की आत गेल्यावर दोन ठिकाणी पीळ पडून दोरीसारखं झालं. बोटांनी चाचपून सरळ केलं की दुसरीकडे वळायचं. शेवटी वैतागून इलास्टिक ताणून धरलं आणि नेफ्याच्या मधोमध, इलास्टिकमधूनच, गोल टीप मारली. पीळ पडायचं थांबलं. दिसायलाही झकास, अगदी तयार कपड्यासारखं. हँगरवर मला जी टीप इतकी आवडली होती ती हीच.

पहिली दुरुस्ती, चुकीची

"पळतो" म्हटल्यावर कुणीही इलास्टिकवरच संशय घेईल. मीही घेतला. मधली टीप उसवली, इलास्टिक बाहेर काढलं, टेबलावर न ताणता ठेवून मोजलं. १९ इंचाचं वर्तुळ पावणेएकवीस भरलं! एका दुपारच्या वापरात इलास्टिक पावणेदोन इंच वाढत नाही. ते मी स्वतः वाढवून ठेवलं होतं. गुंफलेल्या इलास्टिकच्या पोटात रबराचे बारीक धागे असतात. सुई त्यांतून गेली की काही तुटतात, आणि टिपेचा दोरा उरलेल्यांना पुरतं आकसू देत नाही. ताणून शिवलेलं इलास्टिक म्हणूनच पुन्हा मूळ लांबीला येत नाही. उसवलेली पट्टी उजेडात धरली तर टिपेच्या रेषेवर रबराची पांढरी टोकं मिशांसारखी बाहेर आलेली दिसत होती.

गुन्हेगार सापडला असं वाटून मी त्याच वाणाचं नवं इलास्टिक घेतलं आणि या वेळी वर्तुळ साडेअठराचं केलं. मधली टीप नाही. नेफा दीड इंचाचाच, कारण तो पुन्हा उसवायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी स्कर्ट उतरवला तेव्हा तिच्या पोटावर लाल वळ होता. आणि स्कर्ट तरीही खाली जातच होता. फक्त आता तो आपोआप जात नव्हता, ती स्वतःच ढकलत होती. घट्ट पट्टी पोटावर सहन होईना म्हणून तिने ती दोन्ही अंगठ्यांनी पोटाच्या खाली सारली, आणि तिथून पुढे स्कर्ट अडायला काही नव्हतंच. लहान मुलांना मोठ्यांसारखी कंबर नसते. पोट पुढे, मागे पाठ किंचित आत, आणि नितंब कमरेपेक्षा जेमतेम इंच-दीड इंच जास्त. मोठ्या बाईचा घागरा नितंबांच्या उतारावर टेकलेला असतो. या वयाच्या मुलीचा स्कर्ट कशावरच टेकत नाही, तो फक्त इलास्टिकच्या पकडीवर उभा असतो. ती पकड पोटाखाली गेली की खेळ संपला.

इथे ताईने सुचवलं की इलास्टिक काढून सरळ नाडी घाल, हवी तेवढी आवळता येईल. मी ऐकलं नाही. भाची नुकतीच एकटी बाथरूमला जायला लागली होती, आणि गाठ सुटेपर्यंत थांबायची तिची तयारी नसते. शिवाय लहान मुलांच्या कपड्यांत लोंबणारी नाडी कशाततरी अडकण्याचा धोका असतो. युरोपात मुलांच्या कपड्यांवरच्या दोऱ्या आणि नाड्यांसाठी ईएन १४६८२ नावाचं स्वतंत्र मानकच आहे, १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. स्कर्टच्या नाडीने कुणाचा जीव जाईल असं मला म्हणायचं नाही, पण इलास्टिक असताना ती हवीच कशाला?

नुसतं बघत बसले

यानंतर मी जे केलं ते खरं तर टेप हातात घ्यायच्या आधी करायला हवं होतं. तिला तो स्कर्ट घालायला लावला आणि तासभर ती काय करते ते बघत बसले. वही घेऊन.

उभी असताना स्कर्ट ठीक होता. धावतानाही फारसा हलला नाही. मग ती जमिनीवर पडलेला मणी उचलायला उकिडवी बसली. १४ इंचाचा स्कर्ट तिच्या पोटऱ्यांपर्यंत येत होता, त्यामुळे बसल्यावर त्याचा मागचा घेर जमिनीवर पसरला. मणी उचलला, उठताना एक पाऊल मागे टेकवलं, आणि टाच बरोबर कापडावर पडली. ती वर आली, स्कर्ट जागीच राहिला. पट्टी झर्रकन दोन इंच खाली. तिने मूठ भरून पुढून वर ओढला आणि पुढच्या मण्याकडे गेली. तासाभरात हे अकरा वेळा झालं. वहीत अकरा उभ्या रेघा आहेत.

म्हणजे स्कर्ट "पळत" नव्हता, तीच तो पायाखाली धरून ओढत होती. आणि दर वेळी वर घेताना फक्त पुढून, एकाच जागी धरून, त्यामुळे त्या जागी नेफ्यातलं इलास्टिक उलटायचं. पुढच्या वर्षासाठी म्हणून सोडलेले ते दोन इंच या वर्षी तिच्या टाचेखाली येत होते. साडेअठराच काय, सोळा इंचाचं इलास्टिक घातलं असतं तरी टाचेच्या जोरापुढे ते टिकलं नसतं.

बाकीच्या गोष्टी त्याच बैठकीत कळल्या. टेप पुन्हा लावली, या वेळी तीनदा. पहिल्यांदा उभी असताना, आणि लक्षात आलं की टेप पोटाला लागताच ती श्वास आत ओढून पोट लपवते. साडेवीस. मग गप्पा मारता मारता, तिचं लक्ष नसताना: २१. मग जेवण झाल्यावर, मांडी घालून बसलेली असताना: २२ आणि एक सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारागिरांच्या तोंडी अजून हेच चालतं, आणि मुलांच्या कपड्यांत सुतासुताने फरक पडतो.) दिवसातल्या दिवसात दीड इंचाहून जास्त फरक. मी सगळ्यांत लहान, तेही श्वास रोखलेलं माप धरून इलास्टिक कापलं होतं.

मग स्कर्ट घरातल्या वजनकाट्यावर ठेवला. १९० ग्रॅम. मोठ्या माणसाला हे काहीच नाही, पण एवढ्याशा पोटावर नुसत्या पकडीने तोलायला बरंच झालं. घेर तिपटीचा आणि कापड जाड, त्यामुळे चुण्याही जाड. ६४ इंच ड्रिल १९ इंचात कोंबल्यावर कमरेशी कापडाच्या गाठोड्यांची माळ होते. ती मधूनमधून "टोचतं" म्हणायची तेव्हा मी आत टोक-बिक शोधत होते. टोक नव्हतंच. पाठीच्या मणक्यावर इलास्टिकचा सांधा येत होता, एकावर एक दोन थर आणि त्यावर झिगझॅगचे तीन फेरे, आणि त्याच्याच शेजारी ड्रिलच्या शिवणीची जाड माया. मागे टेकून बसलं की ते सगळं पाठीत रुतत असणार. मी तो सांधा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून पाहिला, तेव्हा पटलं.

एक गोष्ट मात्र फोटोत सापडली. पहिल्या दिवशी आरशासमोर काढलेल्या फोटोत, बाजूने पाहिलं तर, स्कर्टची खालची कड सरळ नव्हती. पुढे जवळजवळ इंचभर उचललेली, मागे लोंबलेली. आयत काटकोनात कापला होता, दुमड मोजून घातली होती, मग हे कुठून आलं? पोटातून. पुढचं कापड पोटाच्या गोलाईवरून जातं, म्हणून त्याला जास्त लांबी लागते. मागचं सरळ खाली पडतं. आणि मागचं लोंबतं म्हणून टाच नेमकी तिथेच पडते.

नवा स्कर्ट

निळा स्कर्ट बाजूला ठेवला. त्याची १४ इंचांची उंची कमी करता आली असती, पण वजन आणि चुण्या तशाच राहिल्या असत्या. नवं कापड घेतलं: सुती पॉपलीन, पांढऱ्यावर बारीक पिवळी फुलं, ४४ इंच पन्हा, अर्धा मीटर. फुलं सगळ्या दिशांना तोंड केलेली होती हे मुद्दाम पाहिलं, कारण उभ्या धाग्याला स्कर्टची उंची धरली की नक्षी उलटी येऊन चालत नाही. कापडाच्या आत हात घालून उजेडात धरला, बोटं पुसटशी दिसली. आत चड्डी असतेच, अस्तर नको ठरवलं.

कापायच्या आधी धुतलं. धुण्यापूर्वी कापडावर पेन्सिलने १० इंचांचा चौकोन काढून ठेवला होता. वाळवून इस्त्री केल्यावर चौकोन उभ्या धाग्यात तीन सूत आणि आडव्यात एकच सूत आटला होता. म्हणजे उभ्यात जवळपास पावणेचार टक्के. न धुता शिवला असता तर पहिल्या धुण्यात स्कर्टची अर्ध्या इंचाच्या आसपास उंची गेली असती, आणि आटणारं कापड व न आटणारा दोरा यांच्या ओढाताणीत शिवण सुरकुतली असती ती वेगळीच. सुती कापड बहुधा उभ्या धाग्यातच जास्त आटतं, आणि स्कर्टची उंची नेमकी तीच.

आता माप. तयार उंची साडेअकरा, गुडघ्याच्या अर्धा इंच वर. उकिडवं बसल्यावर जमिनीला लागायचा प्रश्न नाही. नेफ्यासाठी सात सूत आणि आत दुमडायला पाव इंच. खाली दोन इंची दुमड आणि पाव इंच आत. शिवाय एक टक (कापडाची आडवी शिवलेली घडी), अर्धा इंच खोल, म्हणजे इंचभर कापड खाणारा. बेरीज पंधरा इंच सात सूत होते, १६ कापलं. वाढीसाठीची जागा कापडात आहे, फक्त ती आता टाचेजवळ लोंबत नाही, टकात आणि दुमडीत गुंडाळलेली आहे. या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते, कंबर मात्र फार हळू. त्यामुळे असा स्कर्ट आधी आखूड होतो, घट्ट नंतर. वाढीची सगळी सोय उंचीत ठेवली की पुरते.

कापड कात्रीने न कापता कडेला छोटी चीर देऊन फाडलं. पॉपलीन आडव्या धाग्यात अगदी सरळ फाटतं आणि खडूची रेघ मारायचं काम वाचतं. फाडल्यावर कड जराशी नागमोडी होते, ती इस्त्रीने बसवली. चौकोन तिरपा वाटला म्हणून समोरासमोरची टोकं धरून उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेने, हलका झटका दिला, बसला. घेर म्हणजे सबंध पन्हा: आटून साडेत्रेचाळीस, शिवणीची माया दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच, उरले साडेबेचाळीस. कमरेच्या २१ इंचांच्या दुपटीहून अर्धाच इंच जास्त. एकच शिवण, मागे मधोमध. कापडाची किनार कापून टाकली नाही, तीच मायेत घेतली, त्यामुळे दोरे सुटायचा प्रश्नच नाही आणि आत झिगझॅगची खरखरीत कडही नाही. काही कापडांची किनार धुतल्यावर आवळते आणि शिवण गोळा होते; तशी असेल तर ती कापूनच टाकावी. ही सपाट राहिली होती.

मशीनची १६ नंबरची सुई काढून ११ नंबरची लावली. ड्रिलच्या सुईने पॉपलीनला भोकं पडतात, ती धुऊनही बुजत नाहीत.

शिवण घातली, माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली. आता पोटाचं गणित. स्कर्ट चौघडी करून पुढचा मध्य आणि दोन्ही बाजू टाचणीने खुणावल्या. मागच्या मध्यावर वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली खूण केली आणि तिथून दोन्ही बाजूंच्या खुणांपर्यंत हळूहळू शून्य होत जाणारी रेघ आखून तेवढं कापलं. मागचा भाग वरून अर्धा इंच कमी, पुढचा तसाच. एवढ्या उथळ वळणाला नेफा दुमडताना काही त्रास होत नाही. पूर्ण इंच कापावा का, हा विचार केला होता. पण पोट कायम इतकंच पुढे राहणार नाही, म्हणून अर्ध्यावर थांबले.

या स्कर्टचा खरा जीव नेफ्यात होता, आणि मी सर्वाधिक वेळही तिथेच घालवला. पाऊण इंच रुंदीचं विणलेल्या वाणाचं इलास्टिक घेतलं. गुंफलेलं इलास्टिक ताणलं की अरुंद होतं, मग नेफ्यात त्याला जागाच जागा मिळते आणि ते पलटतं. विणलेलं ताणल्यावरही आपली रुंदी सोडत नाही. दुकानातच ओळखायचं असेल तर हातभर पट्टी ताणून बघावी: मध्ये बारीक झाली तर गुंफलेली. नेफा सात सुतांचा, म्हणजे पट्टीपेक्षा फक्त एक सूत मोठा. नेफ्याची दुमड आधी इस्त्रीने बसवली, मगच टीप. टीप मागच्या शिवणीपासून न सुरू करता उजव्या बाजूला सुरू केली आणि दीड इंच तोंड उघडं ठेवलं. मागच्या शिवणीची उघडलेली माया नेफ्याच्या आत येते तिथे ती दोन-दोन हातटाक्यांनी खाली बसवून टाकली होती. हे टाके घातले नाहीत की इलास्टिक ओवायची सेफ्टी पिन सरकत सरकत येते आणि मायेच्या खाली घुसून अडकते. मग बाहेरून चाचपत तिला मागे घ्यायचं, पुन्हा पुढे ढकलायचं, आणि शेवटी पिन आतच उघडली की उसवण्यावाचून गत्यंतर नाही. मला हा अनुभव पुरेसा आहे.

इलास्टिकची लांबी तक्त्यावरून न घेता तिच्या पोटावर ठरवली. पट्टी कमरेभोवती घेऊन पिनने अडकवली आणि तिला सांगितलं, उड्या मार. मग उकिडवी बस. मग मांडी घाल. १९ इंचाला मांडीत पोटावर घडी पडली. २१ ला उडीत सरकली. २० ला दोन्ही जमलं, आणि बसलेली असताना पट्टीखाली माझी दोन बोटं आडवी जात होती. दुसऱ्या जातीच्या इलास्टिकला हा आकडा वेगळा येईल, कारण ताण प्रत्येकाचा निराळा. "कंबर वजा एक इंच" हे सूत्र सुरुवातीपुरतं ठीक आहे.

सांध्यासाठी इलास्टिक बरोबर २० कापलं. दोन्ही टोकं एकावर एक न चढवता एकमेकांना भिडवली, खाली पॉपलीनचा छोटा तुकडा ठेवला आणि त्यावर झिगझॅग केलं. सांधा सपाट बसतो. तो पाठीवर न ठेवता उजव्या कुशीला, नेफ्याच्या तोंडापाशी आणला. तोंड मशीनने बंद केलं नाही, हाताने तुरपलं; उद्या इलास्टिक बदलायचं झालं तर चार टाके उसवून काम भागतं. चुण्या हाताने सारख्या पसरवल्यावर मागच्या शिवणीतून आणि दोन्ही कुशींना नेफ्यापुरती उभी टीप मारली. इलास्टिकमधून जाणारी टीप एवढीच, तीन जागी, तीही उभी. पट्टी पलटायची थांबते आणि रबराचे धागेही शाबूत राहतात.

खालची दुमड नेहमीसारखी. टक दुमडीच्या थोडा वर, उलट बाजूला घेतला, म्हणजे सुलट बाजूला फक्त एक टिपेची रेघ दिसते. टाका मोठा ठेवला, ४ मिलिमीटर, पुढे उसवायला सोपा. मागे नेफ्याच्या आत पिवळ्या फितीचा इंचभर तुकडा शिवला, कारण आता पुढची आणि मागची बाजू वेगळी होती आणि घालणारी व्यक्ती स्वतः कपडे घालण्याचा आग्रह धरणारी होती. "पिवळं पाठीला," एवढं सांगून ठेवलं.

वजन साठेक ग्रॅम.

घातल्यावर

पहिला दिवस मी पुन्हा वही घेऊन बसले. तासाभरात तिने स्कर्टला दोनदा हात लावला, दोन्ही वेळा बाथरूमला जाताना. उठताना टाच कापडावर एकदाही पडली नाही. संध्याकाळी पोटावर पुसटशी खूण होती, पंधरा-वीस मिनिटांत गेली. खालची कड पुढे अजूनही पाव इंचभर उचललेली दिसते, म्हणजे मागे पाऊण इंच कापलं असतं तरी चाललं असतं. ते तसंच ठेवलंय.

तिची तक्रार वेगळीच निघाली. खिसा नाही. उरलेलं निळं ड्रिल होतंच, त्याचा चार बाय साडेचार इंचांचा खिसा उजव्या कुशीला लावला. तिसऱ्या दिवशी स्कर्ट उजवीकडे झुकलेला दिसला. खिशात सात दगड होते. खिसा उसवून तळातून दीड इंच कमी केला आणि नेफ्याच्या जवळ, जरा वर सरकवून लावला. आता दोन दगड मावतात, फार तर तीन. यावर बरीच वाटाघाटी झाली.

सात महिन्यांनी टक उसवला. मोठे टाके पटकन निघाले, उंची इंचभर वाढली आणि स्कर्ट पुन्हा गुडघ्याच्या वर जिथे हवा तिथे आला. पण टकाच्या घडीत दडलेल्या कापडाची फुलं नव्यासारखी गडद पिवळी होती आणि वरची धुऊन धुऊन फिकी झालेली. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना टिपेच्या भोकांच्या रेघा. ओल्या फडक्याने इस्त्री करून भोकं बरीचशी मिटली, रंगाचा पट्टा काही जाईना. मग त्या पट्ट्यावर हिरवी नागमोडी लेस मारली. भाचीने ती बोटाने सबंध घेरभर चाचपली आणि विचारलं, "निळ्यालापण लावशील?"

निळा अजून कपाटात आहे. खालून तीन इंच कापायचे, जोडलेला अर्ध्या पन्ह्याचा तुकडा काढून टाकायचा, नेफा नव्याने घालायचा. ड्रिल जाडच राहणार, पण थंडीत चालेल.